सिरोंचा परिसरातील प्राथमिक वाचनकौशल्य

महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा तालुका आणि त्यालगतचा वनप्रदेश येथील प्राथमिक शाळांत मुले मराठी वाचन कसे शिकतात, त्यात त्यांना कोणत्या अडचणी येतात आणि त्या दूर करण्यासाठी कोणत्या पद्धती उपयोगी ठरतात, याचा आढावा या लेखात घेतला आहे. या भागातील अनेक मुलांची घरची भाषा तेलुगू, गोंडी किंवा माडिया असते, तर बहुतेक शाळांचे माध्यम मराठी असते. त्यामुळे अक्षरे जुळवून शब्द उच्चारता येणे आणि वाचलेले समजणे या दोन गोष्टींतील अंतर येथे विशेष ठळकपणे दिसते. वाचन म्हणजे केवळ अक्षरओळख नव्हे, हे वाचनशास्त्रातील मूलभूत तत्त्व समजून घेण्यासाठी सिरोंचा परिसर हे एक चांगले उदाहरण आहे.

भौगोलिक व भाषिक पार्श्वभूमी

सिरोंचा हा गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा तालुका आहे. तालुक्याचे मुख्य गाव प्राणहिता नदीच्या काठी वसले असून जवळच प्राणहिता गोदावरीला मिळते. संगमापलीकडे तेलंगणातील काळेश्वर हे तीर्थक्षेत्र आहे. पूर्वेकडे सोमनूरजवळ इंद्रावती आणि गोदावरी यांचा संगम होतो व तेथून छत्तीसगडची हद्द जवळ आहे. अशा रीतीने हा तालुका तीन राज्यांच्या सीमेवर आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्यापूर्वी सिरोंचा चंद्रपूर जिल्ह्यात होते. जिल्ह्याचे मुख्यालय येथून सुमारे दोनशे किलोमीटर दूर आहे, तर तेलंगणातील बाजारपेठा नदी ओलांडताच लागतात. व्यापार, सोयरीक, दवाखाना आणि मजुरी यांसाठी लोकांचे पलीकडे जाणे-येणे नित्याचे असते.

नदीकाठच्या अंकिसा, असरअल्ली यांसारख्या गावांत तेलुगू ही दैनंदिन व्यवहाराची प्रमुख भाषा आहे. झिंगानूरकडील डोंगराळ व वनाच्छादित भागात माडिया व गोंडी बोलणारी वस्ती आहे. माडिया गोंड हा महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक असून कातकरी आणि कोलाम हे अन्य दोन होत. जिल्ह्याच्या उत्तर भागात झाडीबोली बोलली जाते. ती मराठीचीच बोली असली, तरी पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठीहून तिचे उच्चार व शब्दरूपे वेगळी आहेत. उदाहरणार्थ, प्रमाण भाषेतील ‘पाणी’ तेथे ‘पानी’ होते. म्हणजे पुस्तकातील भाषा आणि घरातील भाषा यांतील अंतर कमीअधिक प्रमाणात जिल्हाभर आहे; सिरोंचात ते सर्वांत रुंद होते.

२०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोली जिल्ह्याची लोकसंख्या १०,७२,९४२ होती. त्याच जनगणनेत देशभरात गोंडी ही मातृभाषा नोंदवणाऱ्यांची संख्या सुमारे २९ लाख ८४ हजार होती.

तीन भाषांमधील नाते

तेलुगू आणि गोंडी या दोन्ही भाषा द्राविडी कुळातील, त्यातही एकाच उपशाखेतील मानल्या जातात. मराठी ही आर्यभारतीय भाषा आहे. तेलुगू व गोंडी यांतील नाते संख्यावाचक शब्दांत सहज दिसते. तेलुगूत दोन, तीन, चार यांना अनुक्रमे रेंडु, मूडु, नालुगु म्हणतात; गोंडीत रंड, मुंड, नालुंग असे शब्द आहेत. डोळ्याला तेलुगूत कन्नु व गोंडीत कन, तर दुधाला तेलुगूत पालु व गोंडीत पाल म्हणतात.

हेच शब्द वाचनशिक्षणातील अडचण नेमकी कोठे आहे ते दाखवतात. ‘पाल’ हा दोन अक्षरांचा, एक काना असलेला साधा शब्द आहे. पहिलीच्या वर्गात काना शिकवताना असेच शब्द फळ्यावर येतात. गोंडीभाषक मूल तो शब्द अचूक वाचते, परंतु त्याच्या मनात उभे राहते ते दूध. शेजारी भिंतीवरच्या सरड्यासारख्या प्राण्याचे चित्र असेल, तर मूल गोंधळते. त्याचे अक्षरज्ञान बरोबर असते, उच्चार बरोबर असतो आणि तरीही उत्तर चुकते. शिक्षकाला गोंडी येत नसेल, तर चूक कशामुळे झाली हे त्यालाही कळत नाही आणि मुलाला ‘वाचता येत नाही’ असा शेरा मिळण्याचा संभव असतो.

व्याकरणातही असे भेद आहेत. मराठीत तीन लिंगे आहेत; तेलुगूत एकवचनी नामांची विभागणी मुख्यतः पुरुषवाचक आणि इतर अशी होते. त्यामुळे ‘मोठा दगड’, ‘मोठी वाट’, ‘मोठे झाड’ यांतील विशेषणाचा बदल तेलुगूभाषक मुलाला तर्काने सापडत नाही; तो ऐकून ऐकूनच अंगवळणी पडतो. तेलुगू शब्द सामान्यतः स्वरान्त असतात आणि शेवटचा स्वर स्पष्ट उच्चारला जातो. मराठीत ‘घर’, ‘झाड’, ‘कमळ’ या शब्दांच्या शेवटचा ‘अ’ लिहिण्यात असतो, बोलण्यात नसतो.

दुसऱ्या बाजूने साम्येही कमी नाहीत. देवनागरी आणि तेलुगू या दोन्ही लिप्यांचे मूळ ब्राह्मी लिपीत आहे. दोन्हींत वर्णांचा क्रम सारखा आहे आणि व्यंजनाला स्वरचिन्ह जोडून अक्षर तयार होते. ‘ळ’ हा वर्ण दोन्ही भाषांत आहे. ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांत ऐकू येणारे ‘च’चे दोन उच्चार तेलुगूलाही परके नाहीत. मराठी ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील भेद तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’ या सर्वनामांनी दाखवला जातो. हिंदीत मात्र दोहोंसाठी ‘हम’ हे एकच सर्वनाम आहे. ‘अक्का’ आणि ‘मामा’ यांसारखी नात्याची नावेही दोन्ही भाषांना ओळखीची आहेत. म्हणजे सिरोंचातील मूल शाळेत कोऱ्या पाटीने येत नाही. त्याच्याजवळ आधीच एक पूर्ण भाषा असते आणि ती नव्या भाषेच्या कामी येऊ शकते.

वाचनप्रक्रियेचे स्वरूप

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाचे एक सोपे प्रारूप मांडले. त्यानुसार वाचनातून होणारे आकलन हे दोन घटकांचा गुणाकार असते : लिपी उलगडून शब्द ओळखण्याची क्षमता आणि ती भाषा ऐकून समजण्याची क्षमता. येथे बेरीज नसून गुणाकार आहे, ही या प्रारूपातील महत्त्वाची बाब होय. दोहोंपैकी एक घटक शून्य असेल, तर दुसरा कितीही मोठा असला तरी फळ शून्यच येते. मराठी उत्तम बोलणारे परंतु अक्षर न ओळखणारे मूल वाचू शकत नाही. त्याचप्रमाणे सर्व अक्षरे ओळखणारे परंतु मराठी न समजणारे मूलही खऱ्या अर्थाने वाचू शकत नाही.

मराठीभाषक मुलाला शाळेत प्रामुख्याने पहिला घटक शिकायचा असतो, कारण दुसरा त्याने घरी मिळवलेला असतो. सिरोंचातील तेलुगू किंवा माडिया भाषक मुलाला दोन्ही घटक एकाच वेळी आणि तेवढ्याच तासांत मिळवायचे असतात. पाठ्यक्रमाची गती मात्र सामान्यतः पहिल्या प्रकारचे मूल डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेली असते.

जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या गृहीतकानुसार पहिल्या भाषेत मिळवलेली वाचन व विचार करण्याची क्षमता दुसऱ्या भाषेत नेता येते. गोष्टीत पुढे काय होईल याचा अंदाज बांधणे, घटनांचा क्रम लावणे, कारण सांगणे ही कौशल्ये एकदा आत्मसात झाली, की ती प्रत्येक भाषेसाठी नव्याने शिकावी लागत नाहीत. त्यामुळे घरच्या भाषेला वर्गात दिलेला वेळ मराठीच्या वेळेतून वजा होतो, ही समजूत योग्य नाही.

अक्षरओळखीच्या पद्धती

पारंपरिक पद्धतीत आधी संपूर्ण मुळाक्षरे, नंतर बाराखडी, मग शब्द व शेवटी वाक्य असा क्रम असतो. या क्रमात मुलाला अर्थपूर्ण मजकूर भेटेपर्यंत बराच काळ जातो. घरी मराठी ऐकणारे मूल हा काळ निभावून नेते. ज्याला वर्गातील भाषाच कळत नाही, त्याच्यासाठी तो निरर्थक घोकंपट्टीचा ठरतो.

याला पर्याय म्हणून अक्षरगट पद्धत वापरली जाते. तीत थोडी अक्षरे आणि एखादे स्वरचिन्ह एकत्र शिकवून लगेच शब्द व वाक्ये तयार केली जातात. क, न, म, ल ही चार अक्षरे आणि काना एवढ्यावर कान, नाक, मान, काम, लाल, माल, काका, मामा, नाला, कमान हे शब्द वाचता येतात. यांतील कान, नाक, मान हे शब्द स्वतःच्या शरीराकडे बोट दाखवून शिकता येतात. ‘मामा’ तेलुगूभाषक मुलाला आधीच माहीत असतो. अर्थ आणि अक्षर पहिल्या आठवड्यापासून बरोबर चालतात, हे या पद्धतीचे बलस्थान होय.

पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात, जेथे अनेक मुलांची घरची भाषा प्रमाण मराठीहून वेगळी आहे, आणि कर्नाटकातील यादगीर येथे २०११ ते २०१६ या काळात भारतीय भाषांतील साक्षरतेविषयी दीर्घकालीन अभ्यास झाला. शैलजा मेनन यांच्या नेतृत्वाखालील या अभ्यासात सोनाळे येथील ‘क्वेस्ट’ ही संस्था सहभागी होती. वर्गातील बराच वेळ अक्षरे व शब्द यांच्या सरावात जातो आणि अर्थ, चर्चा व स्वतंत्र लेखन यांना फार थोडी जागा मिळते, याकडे या अभ्यासाने लक्ष वेधले. वाडा व सिरोंचा ही महाराष्ट्राची दोन टोके असली, तरी ही अडचण दोन्हीकडे सारखीच लागू पडते.

वाचनस्तराचे मापन

ग्रामीण भारतातील मुलांची वाचनक्षमता मोजण्यासाठी ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ‘असर’ सर्वेक्षण केले जाते. त्यातील वाचनचाचणीचे चार भाग असतात : अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा लहान परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मुलाला प्रथम परिच्छेद दिला जातो. तो नीट वाचता आला तर गोष्ट, अन्यथा शब्द आणि मग अक्षरे, असा क्रम असतो. पाचपैकी किमान चार शब्द किंवा अक्षरे बरोबर आल्यास तो स्तर गाठला असे मानतात. चाचणी एकेका मुलाची तोंडी घेतली जाते व तिला काही मिनिटेच लागतात.

या सर्वेक्षणानुसार देशाच्या ग्रामीण भागात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. करोना काळातील शाळाबंदीनंतर, २०२२ मध्ये, ते २०.५ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये पुन्हा २७.१ टक्क्यांवर आले. याचा अर्थ, घसरण भरून निघाल्यानंतरही तिसरीतील चार मुलांपैकी जवळजवळ तीन मुले अपेक्षित पातळीच्या मागे होती.

ही चाचणी प्रामुख्याने प्रकट वाचनाचा स्तर दाखवते. बहुभाषक भागात तिला आकलनाची जोड देणे आवश्यक ठरते. वाचून झाल्यावर मुलाला तीच गोष्ट स्वतःच्या भाषेत सांगायला लावणे, हा त्यासाठीचा सर्वांत सोपा उपाय आहे. मूल ओघवते वाचते पण तेलुगूत वा माडियात काहीच सांगू शकत नाही, असे आढळल्यास अक्षरांचा अधिक सराव देऊन उपयोग नसतो; तेथे मराठी बोलण्याऐकण्याचे काम करावे लागते. उलट, ऐकलेली गोष्ट मूल नीट सांगते पण वाचताना अडखळते, तर अक्षरांचा व जोडाक्षरांचा सराव हवा असतो. एकच लक्षण दिसत असले तरी कारणे दोन असतात आणि उपायही दोन.

सुधारणेचे उपाय

स्तरानुसार अध्यापन : मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता दिवसातील ठरावीक वेळ वाचनस्तराप्रमाणे गटांत शिकवणे, हा या पद्धतीचा गाभा आहे. ‘प्रथम’ने विकसित केलेल्या या पद्धतीचे मूल्यमापन अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांच्यासह अनेक अर्थतज्ज्ञांनी केले; मुंबई व वडोदरा येथील ‘बालसखी’ कार्यक्रमावरील अभ्यास त्यांपैकी प्रसिद्ध आहे. बॅनर्जी, डुफ्लो व मायकेल क्रेमर यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लहान वस्तीवरील एक-दोन शिक्षकी शाळेत अनेक इयत्ता एकाच खोलीत बसतात. तेथे स्तरानुसार गट करणे तुलनेने सोपे जाते.

मौखिक भाषेचा पाया : वाचनापूर्वी चित्रावर गप्पा, गाणी, कृतियुक्त खेळ आणि सूचना यांतून मराठी कानावर पडणे आवश्यक असते. पाठातील पाच-सहा अपरिचित शब्द आधी वस्तू, चित्र किंवा अभिनयाने ओळखीचे करून घेतले, की वाचन करताना मूल अक्षरांपाशी अडकून राहत नाही. शिक्षकाने मुलांच्या भाषेतील नित्याचे शब्द शिकून भिंतीवर तिन्ही भाषांत, देवनागरी लिपीत, शब्दतक्ता लावणे हा अल्पखर्चाचा उपाय आहे. त्यातून ‘पाल’सारखे फसवे शब्दही उघड होतात.

स्थानिक वाचनसाहित्य : आगगाडी, समुद्र, उंच इमारती यांवरील पाठांपेक्षा मोहफुले वेचणे, तेंदूपाने, नदीवरील डोंगा आणि आठवडी बाजार यांवरचा मजकूर येथील मुलांना लवकर समजतो. सिरोंचा तालुक्यातील वडधम येथील जीवाश्म उद्यान आणि सिरोंचा वनविभागातील कोलामार्का येथील रानम्हशी हे विषय तर मोठ्या मुलांच्या वाचनासाठी उत्तम आहेत. मुलांनी सांगितलेली गोष्ट शिक्षकाने त्यांच्याच शब्दांत लिहून घेणे व तीच वाचायला देणे, ही पद्धतही परिणामकारक ठरते. छापील साहित्यात ‘बालभारती’चे १९७१ पासून निघणारे ‘किशोर’ मासिक आणि २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संगणकीय मंचावरील मराठी, तेलुगू व गोंडी बालकथा यांचा उपयोग होतो.

नियमित वाचनवेळ : अवांतर वाचनासाठी रोज काही मिनिटे राखून ठेवणे, पुस्तकपेटी मुलांच्या हाती राहील अशी उघडी ठेवणे आणि मोठ्या मुलांनी लहानांना वाचून दाखवणे यांतून सराव टिकतो. राज्यात १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस २०१५ पासून ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळला जातो. परंतु एका दिवसाच्या उत्सवापेक्षा रोजच्या दहा मिनिटांचे फळ अधिक असते.

धोरणात्मक चौकट

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३५०-क नुसार भाषिक अल्पसंख्य समाजातील मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावयाचा आहे. शिक्षणहक्क कायदा, २००९ मध्ये शक्य तेथवर मातृभाषा हे माध्यम असावे अशी तरतूद आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षणाचा पुरस्कार केलेला आहे. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे हे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत गाठण्याचे ठरवले. त्यापूर्वी महाराष्ट्राने २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम हाती घेतला होता.

गडचिरोली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांबरोबर आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा आहेत. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या लोक बिरादरी प्रकल्पाची आश्रमशाळा १९७६ पासून माडिया मुलांना शिकवत आहे. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. आपली भाषा शाळेत असावी ही मागणी समाजातूनच येते, हे यावरून दिसते. शेजारी, अविभाजित आंध्र प्रदेशाने २००४ च्या सुमारास गोंडी, कोया, कोलामी आदी आठ भाषांत प्राथमिक वर्गांसाठी बहुभाषक शिक्षण सुरू केले होते.

अन्य देशांचा अनुभव : फिलिपिन्स

अनेक भाषा बोलणाऱ्या मुलांना वाचन शिकवण्याचा प्रश्न फिलिपिन्समध्ये राष्ट्रीय पातळीवर चर्चिला गेला आहे. २०१८ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत वाचनात त्या देशाची सरासरी ३४० गुण, म्हणजे सहभागी ७९ देश व प्रदेशांत सर्वांत कमी होती. २०२२ मध्ये ती ३४७ झाली. त्या देशाने २०१३ च्या कायद्याने तिसरीपर्यंत मातृभाषेतून शिक्षणाची तरतूद केली आणि पुढे एकोणीस भाषांचा त्यात समावेश झाला. मात्र पुस्तकांचा तुटवडा, प्रशिक्षित शिक्षकांची उणीव आणि एकाच वर्गात अनेक भाषा बोलणारी मुले यांमुळे अंमलबजावणी अवघड गेली. २०२४ मध्ये नव्या कायद्याने ही सक्ती रद्द होऊन, सर्व मुले एकाच भाषेची असतील अशा वर्गांपुरता मातृभाषेचा पर्याय ठेवण्यात आला.

सिरोंचाच्या दृष्टीने या अनुभवाचे महत्त्व मोठे आहे. येथेही एका वर्गात तेलुगू आणि माडिया बोलणारी मुले शेजारी बसू शकतात. अशा ठिकाणी केवळ माध्यम बदलण्याचा आदेश पुरेसा नसतो. त्या भाषेतील पुस्तके, ती भाषा जाणणारा शिक्षक आणि मराठीकडे नेणारा क्रमवार आराखडा बरोबर असावा लागतो.

अडचणी व मर्यादा

वाचन हे सातत्यावर उभे असते आणि सातत्य राखणे या प्रदेशात कठीण आहे. पावसाळ्यात नाले व नद्या फुगल्यावर गावांचा संपर्क तुटतो; जुलै २०२२ मधील गोदावरी-प्राणहितेच्या पुराचा तालुक्यातील अनेक गावांना फटका बसला. हिवाळ्यानंतर मिरची तोडणीसाठी कुटुंबे तेलंगणात जातात, तेव्हा काही मुलेही बरोबर जातात. उन्हाळ्यात मोहफुले व तेंदूपाने यांचा हंगाम येतो. नुकतीच अक्षरे ओळखू लागलेले मूल दोन-तीन महिने पुस्तकापासून दूर राहिले, की मिळवलेले कौशल्य बरेचसे विसरते. परतल्यावर त्याला इयत्तेच्या पाठाला न जुंपता स्तर पाहून पुन्हा सुरुवात करून देणे आवश्यक असते.

गोंडीच्या बाबतीत लिपीचाही प्रश्न आहे. मुन्शी मंगलसिंह मसाराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेली लिपी आणि आदिलाबाद परिसरातील गुंजाळा येथे सापडलेल्या हस्तलिखितांची लिपी या दोन्हींना युनिकोडमध्ये स्थान मिळाले आहे. तथापि महाराष्ट्रात गोंडी मजकूर बहुधा देवनागरीत छापला जातो. मराठीकडे जाणाऱ्या मुलाला देवनागरी सोयीची असते. समाजाच्या अस्मितेच्या दृष्टीने स्वतंत्र लिपीचे मोल वेगळे आहे.

तिसरीनंतर इतिहास, विज्ञान, गणितातील शाब्दिक उदाहरणे असे सर्वच विषय वाचूनच शिकावे लागतात. त्या वळणावर ज्या मुलाला अर्थासह वाचता येत नाही, ते एका विषयात नव्हे, तर सर्वच विषयांत मागे पडते आणि शाळा सुटण्याची शक्यता वाढते. म्हणून सिरोंचासारख्या परिसरात पहिल्या तीन इयत्तांतील वाचन हा मुलाच्या पुढील संपूर्ण शिक्षणाचा पाया ठरतो.